पाण्याबरोबर जे गेलं नाही

उरल पर्वताच्या पूर्वेला वाहणारी तेचा ही नदी जगाच्या नकाशावर शोधायची तर भिंग हवं. लांबी जेमतेम २४० किलोमीटर, काठाला दलदल आणि गवताची कुरणं. ती इसेत नदीला मिळते, इसेत तोबोलला, तोबोल इर्तिशला, इर्तिश ओबला आणि ओब थेट आर्क्टिकमधल्या कारा समुद्राला. सोव्हिएत संघाच्या पहिल्या अणुबाँबसाठी प्लुटोनियम तयार करणारा मायाक हा कारखाना १९४८ मध्ये या तेचाच्या उगमाजवळच्या तळ्यांकाठी सुरू झाला. पुढच्याच वर्षी त्याचं सांडपाणी नदीत जाऊ लागलं. त्यामागचा हिशेब त्या काळी जगभर चालत असे : नदी वाहती आहे, पुढे तिच्याहून मोठ्या नद्या आहेत, त्यापुढे महासागर आहे, पाणी वाढत जाईल तसं विष पातळ होत जाईल.

१९४९ ते १९५६ या काळात सुमारे ७ कोटी ६० लाख घनमीटर सांडपाणी तेचात सोडलं गेलं आणि त्याबरोबर सुमारे साडेसत्तावीस लाख क्युरी इतका किरणोत्सार. यातला ९५ टक्के भाग मार्च १९५० ते नोव्हेंबर १९५१ या एकवीस महिन्यांतला. पुढे हे आकडे पुन्हा तपासले गेले, थोडेफार बदललेही. पण कोणताही अंदाज लहान भरत नाही. त्यातलं काही आर्क्टिकपर्यंत पोचलं. हिशेब मात्र चुकला तो वरच्या अंगाला. विषाचा मोठा वाटा कारखान्यापासून खालच्या काही दहा किलोमीटरांतच बसून राहिला : तळाच्या चिखलात, बंधाऱ्यामागच्या साचलेल्या पाण्यात, असानोव्हच्या दलदलीत. १९५१ च्या वसंतात बर्फ वितळून नदीला मोठा पूर आला आणि तळाचा गाळ काठच्या कुरणांवर पसरला. पूर ओसरला. गाळावर नेहमीसारखं गवत उगवलं. गाईगुरं नेहमीसारखी चरायला गेली.

पूरमैदानातल्या मळईचं मोल मराठी शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. धरणाचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर आपल्याकडे गाळपेर होते, आणि धरणातला गाळ उपसून शेतात टाकण्याची सरकारी योजना राज्यात राबवली जाते. गाळ म्हणजे कस, ही समजूत काही खोटी नाही. नदी जे जे कण वाहून आणते, त्यांवर चिकटून अन्नद्रव्यं येतात आणि काठाला मिळतात. तेचाच्या काठी घडलं ते याच नियमाने घडलं. फक्त या वेळी कणांना चिकटून दुसरंच काही आलं होतं.

काठावर तातार, बाश्कीर आणि रशियन लोकांची चाळीसेक गावं होती. विहिरी थोड्या, त्यांचं पाणीही अनेक ठिकाणी बेचव; म्हणून प्यायला नदी, धुण्याला नदी, बदकं-हंसांना नदी. कारखान्यापासून ७ किलोमीटरवरच्या मेतलिनो गावात सुमारे १,२०० माणसं राहत. नदीचं पाणी वापरू नका असं पुढे त्यांना सांगितलं गेलं, पण का ते सांगितलं गेलं नाही, कारण कारखानाच मुळात गुप्त होता. १९५३ पासून गावं उठवायला सुरुवात झाली. सुमारे साडेसात हजार माणसं हलवली गेली. ७८ किलोमीटरवरचं मुस्ल्युमोवो मात्र काठावरच राहिलं, आणि तिथल्या लोकांना दुसरीकडे घरं मिळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

या कहाणीतला सर्वांत बोलका पुरावा दातांत सापडला. चेल्याबिन्स्कच्या किरणोत्सार वैद्यक केंद्रातल्या संशोधकांनी काठच्या हजारो माणसांच्या पुढच्या दातांवर मापक ठेवून आतल्या स्ट्रॉन्शियम-९० चे बीटा किरण मोजले. सगळ्यात जास्त आकडे आले ते चाळीशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांचे. नदीत सर्वाधिक विष होतं ती १९५०-५१ ही वर्षं, आणि नेमक्या त्याच वर्षांत या मुलांच्या कायमच्या दातांवर कवच चढत होतं. स्ट्रॉन्शियम हे कॅल्शियमच्या कुळातलं. शरीराला दोघांतला फरक फारसा कळत नाही, म्हणून ते हाडांत आणि दातांत जाऊन बसतं. कवचाची एकदा घडण झाली की ते पुन्हा बदलत नाही. तेव्हा १९५१ चं पाणी १९७० मध्येही त्या माणसाच्या तोंडात मोजता येत होतं. पुढे सुमारे तीस हजार माणसांच्या गटाचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला आणि रक्ताच्या कर्करोगाचं तसंच इतर कर्करोगांचं प्रमाण किरणोत्साराच्या मात्रेबरोबर वाढत गेल्याचं दिसलं.

हा सगळा विषय समजून घ्यायचा तर सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करावी लागते. ‘किरणोत्सारी प्रदूषण’ नावाचा एकच पदार्थ नसतो. नदीत सोडलेल्या द्रव्यात डझनभर मूलद्रव्यं असतात आणि प्रत्येकाची चाल वेगळी. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ८ दिवसांचं; ते दूर जाण्याआधीच बहुतांशी संपतं. ट्रिटियम हे हायड्रोजनचंच भावंड. ते पाण्याच्या रेणूतच शिरतं आणि पाणी जाईल तिथे जातं, कोणताही गाळ त्याला अडवू शकत नाही. प्लुटोनियम याच्या अगदी उलट. ते कणांना इतकं घट्ट धरतं की त्याचा प्रवास म्हणजे गाळाचाच प्रवास. या दोन टोकांच्या मधे ज्यांच्यामुळे खरी डोकेदुखी होते ते दोघे, सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०. दोघांचंही अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास, दोघेही अणुभट्टीत भरपूर तयार होतात, पण नदीत पडल्यावर दोघांच्या वाटा फुटतात.

त्याचं कारण चिकणमातीच्या रचनेत आहे. अभ्रकाच्या जातकुळीतल्या इलाइटसारख्या मातीचे कण पातळ थरांचे बनलेले असतात. हवापाण्याने झिजून या थरांच्या कडा भिजलेल्या जुन्या वहीच्या पानांसारख्या किंचित उकलतात. त्या फटीत सीझियमचा आयन बेतल्यासारखा बसतो आणि आत गेला की सहसा बाहेर येत नाही. म्हणूनच एक किलो गाळात आणि भोवतालच्या एक लिटर पाण्यात किती सीझियम आहे याची तुलना केली, तर गाळातलं प्रमाण हजारो पटींनी, कित्येकदा लाख पटींनी जास्त निघतं. स्ट्रॉन्शियमच्या बाबतीत हाच आकडा बहुधा काही शेकड्यांत असतो. ते मातीला वरवर चिकटतं, आणि पाण्यात कॅल्शियम आलं की जागा सोडून पुढे निघतं. यावरून एक साधा ठोकताळा निघतो. सीझियम शोधायचं असेल तर डोहाचा तळ आणि धरणाचा गाळ पाहावा. स्ट्रॉन्शियम शोधायचं असेल तर नदीच्या मुखापर्यंत जावं.

हा ठोकताळा किती खरा आहे ते युरोपातल्या नीपर नदीने दाखवून दिलं. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली ती प्रिप्यात नदीच्या काठी. प्रिप्यात खाली कीव जलाशयात उतरते. नीपरवर एकाखाली एक असे सहा मोठे जलाशय, आणि त्यांच्या पाण्यावर अवलंबून असलेली लाखो माणसं. घाबरगुंडी उडणं साहजिक होतं. त्या वर्षी परिसरातल्या ओढ्यानाल्यांवर झिओलाइट भरलेले १३० बांध घातले गेले. झिओलाइट हे सीझियम-स्ट्रॉन्शियम शोषणारं खनिज, तेव्हा कल्पना कागदावर चोख होती. प्रत्यक्षात या बांधांनी त्या ओढ्यांतल्या सीझियम आणि स्ट्रॉन्शियमचा ५ ते १० टक्के भागच अडवला. प्रिप्यातच्या तळाशी चर खोदून गाळ पकडण्याचा प्रयत्नही फसला. ज्या बारीक कणांवर बरंचसं सीझियम होतं ते वेगवान प्रवाहात खाली बसलेच नाहीत, आणि जे पाण्यात विरघळलेलं होतं त्याला चराशी काही देणंघेणंच नव्हतं.

कामाला आलं ते निराळंच. शास्त्रज्ञांनी पुढे पाहिलं, की किरणोत्साराचा सगळ्यात मोठा साठा प्रिप्यातच्या पूरमैदानात, वीज केंद्रासमोरच्या काठावर पडून आहे. जानेवारी १९९१ मध्ये नदीत बर्फाचा अडसर तयार झाला, पाणी त्या मैदानावर चढलं, आणि खाली नदीतल्या स्ट्रॉन्शियमचा आकडा झपाट्याने वर गेला. धडा स्पष्ट होता : नदीतून विष काढण्यापेक्षा नदीला विषापर्यंत जाऊ न देणं सोपं. १९९३ मध्ये डाव्या काठाला मातीचा बंधारा उभा राहिला, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळी पुरात त्याने आपलं काम केलं. शेकडो हुशार उपायांपेक्षा एक साधा बांध योग्य जागी घालणं जास्त उपयोगी ठरतं, असं म्हणायचा मोह होतो. पण ती जागा कोणती हे कळायला पाच वर्षं आणि एक पूर लागला हेही विसरून चालत नाही.

कीव जलाशयात त्यानंतर जे झालं ते मातीच्या कणांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. सीझियमचा मोठा भाग तळाशी बसला आणि वर्षागणिक नव्या गाळाखाली गाडला गेला. त्याखालच्या जलाशयांमध्ये त्याचं प्रमाण पायरी-पायरीने घटत गेलं. स्ट्रॉन्शियमने मात्र सहाही जलाशय ओलांडले आणि ते काळ्या समुद्राला जाऊन मिळालं. ६ जून २०२३ ला युद्धात कखोव्का धरण फुटलं आणि या साखळीतल्या शेवटच्या जलाशयाचा तळ उघडा पडला. कीव जलाशय वरच्या टोकाला आहे आणि सीझियम मुख्यतः तिथेच थांबलं होतं, हे त्यातल्या त्यात नशीब.

गाळ हलतो कधी? याचं उत्तर मराठी माणसाला पाठ आहे : पावसाळ्यात. गोदावरीसारख्या दख्खनी नद्या वर्षभरात जेवढा गाळ वाहून नेतात, त्यातला ९० टक्क्यांहून जास्त भाग पावसाळ्याच्या चार महिन्यांत जातो. जपानमध्ये पावसाळ्याबरोबर टायफूनचीही भर पडते. ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांमधून निघालेलं सीझियम डोंगरांवर, जंगलांवर आणि भातखाचरांवर पडलं. या प्रदेशातली मोठी नदी आबुकुमा. लांबी २३९ किलोमीटर. ऑगस्ट २०११ ते मे २०१२ या काळात तिने समुद्राला दिलेल्या सीझियमपैकी सुमारे ६० टक्के सप्टेंबरमधल्या रोके या एकाच वादळाच्या आठ दिवसांत वाहून गेलं. त्या लोंढ्यात जवळजवळ सगळं सीझियम गढूळ कणांवर स्वार होतं. वादळाआधी किंवा नंतर कुणी पाण्याचे नमुने घेऊन, गाळून, मोजून ‘पाणी ठीक आहे’ असा अहवाल दिला असता, तर तो अहवाल खोटा ठरला नसता. फक्त त्यात नदीचा निम्म्याहून अधिक व्यवहार आलाच नसता.

भातखाचरांचा भाग इथे मुद्दाम सांगण्यासारखा. लावणीआधी चिखलणी करताना खाचरातलं पाणी गढूळ होतं आणि तेच पाणी सोडताना बारीक मातीबरोबर सीझियमही ओढ्यात जातं. म्हणजे नदीतलं प्रदूषण किती वेगाने कमी होणार हे ठरवण्यात शेतकऱ्याच्या अवजारांचाही हात असतो. आबुकुमाच्या खोऱ्यात शेती आणि वस्तीचे भाग डोंगरातल्या जंगलांपेक्षा लवकर धुतले गेले. जंगलात मात्र झाड सीझियम मुळांतून वर घेतं, पाला गळतो, पुन्हा मातीत मिसळतो आणि पुन्हा वर जातो. तिथून नदीकडे फार थोडं येतं, पण वर्षानुवर्षं येत राहतं.

आणि जे बसलं ते कायमचं बसलं, असंही समजू नये. धरणाच्या तळाशी उन्हाळ्यात प्राणवायू संपला की कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून अमोनियम तयार होतं. अमोनियमचा आयन आकाराने सीझियमच्या जवळपास जाणारा. तो त्याच फटीत शिरतो आणि सीझियमला थोडंफार बाहेर ढकलतो. नदी समुद्राला मिळते तिथेही असंच. खाऱ्या पाण्यातलं पोटॅशियम आणि सोडियम ताज्या गाळावरचं काही सीझियम सोडवून घेतं. म्हणून खाडीच्या तोंडाशी तोच गाळ वेगळा वागतो.

अमेरिकेच्या कोलंबिया नदीची गोष्ट या सगळ्यापेक्षा वेगळ्या वळणाची. १९४४ पासून हॅनफर्ड येथे प्लुटोनियमसाठी चालवलेल्या आठ अणुभट्ट्या नदीचं पाणी एकदाच आतून फिरवून, थोडा वेळ हौदात ठेवून, परत नदीत सोडत. पाण्यातल्या आणि नळांतल्या क्षारांवर न्यूट्रॉन आदळून त्यातून झिंक-६५, फॉस्फरस-३२, क्रोमियम-५१ असे पदार्थ तयार होत. यातलं बरंच काही मॅकनरी धरणामागच्या गाळात अडकलं, पण झिंक-६५ समुद्रापर्यंत गेलं आणि विलापा उपसागरातल्या कालवांत सापडलं. कालव हा प्राणी जस्त साठवण्यात पटाईत. समुद्राच्या पाण्यात मोजताना नाकीनऊ येतील इतकं थोडं झिंक त्याच्या मांसात सहज मोजता येत होतं. पाण्यात पातळ झालेलं पुन्हा दाट करण्याची कला सजीवांना येते, हे पातळ करण्याच्या हिशेबात कुणी धरलंच नव्हतं. त्या एकदाच पाणी फिरवणाऱ्या अणुभट्ट्यांपैकी शेवटची १९७१ मध्ये बंद झाली.

अण्वस्त्रांच्या कारखान्यांचं नाव होतं, पण खाणींकडे तितकं लक्ष जात नाही. १६ जुलै १९७९ ला न्यू मेक्सिकोतल्या चर्च रॉक इथे युरेनियम गिरणीच्या कचऱ्याचा मातीचा बांध फुटला. सुमारे ३५ कोटी लिटर आम्लयुक्त पाणी आणि हजारभर टन घन कचरा पुएर्को नदीच्या कोरड्या पात्रातून नवाहो लोकांच्या वस्त्यांकडे गेला. त्या वर्षीच्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या अपघाताची आठवण जगाला आहे, चर्च रॉकची नाही. मेंढपाळांची वस्ती आणि वाळूचं पात्र यांच्यावर मथळे येत नाहीत.

हाच गाळ संशोधकाला मात्र उपयोगीही पडतो. १९५० च्या दशकापासून हवेत केलेल्या अणुचाचण्यांचं सीझियम जगभर पावसाबरोबर उतरलं. १९६३ मध्ये ते शिगेला पोचलं, आणि हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या त्याच वर्षीच्या करारानंतर ओसरत गेलं. तळ्याच्या किंवा धरणाच्या तळात नळी ठोकून गाळाचा खांब काढला, त्याच्या सेंटिमीटर-सेंटिमीटरच्या चकत्या कापल्या आणि मोजल्या, तर एका चकतीवर सीझियमचा आकडा टोकाला गेलेला दिसतो. ती १९६३ ची चकती. तिच्यावर किती गाळ साचलाय यावरून धरण किती वेगाने भरतंय ते कळतं. भारतातल्या तळ्यांवरही ही पद्धत वापरली गेली आहे.

मुंबईचा या विषयाशी आणखी थेट संबंध आहे. बंदरातला गाळ उपसून समुद्रात टाकला तर तो परत बंदराकडेच येणार का, हा बंदर चालवणाऱ्यांचा जुना प्रश्न. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी स्कँडियम-४६ घातलेल्या काचेची भुकटी गाळाइतकी बारीक करून तळावर सोडली आणि होडीमागून मापक ओढत तिचा माग काढला. अर्धायुष्य ८४ दिवसांचं, म्हणजे काम भागतं आणि नंतर फारसं मागे राहत नाही. हुगळीवरच्या कोलकाता बंदरासाठीही हेच तंत्र वापरलं गेलं. तुर्भ्याचंच प्रक्रिया केलेलं सौम्य सांडपाणी मुंबई बंदराच्या खाडीत सोडलं जातं आणि तिथल्या गाळातल्या सीझियमवर केंद्राच्याच शास्त्रज्ञांनी निबंध प्रसिद्ध केले आहेत, हे या विषयात उतरणाऱ्या मराठी वाचकाने ठाऊक करून घ्यावं.

आपल्या नद्यांवर अणुवीज केंद्रं आहेत. खानदेशातून उतरणाऱ्या तापीच्या खालच्या अंगाला गुजरातेत काक्रापार आहे. कारवारपासून फार दूर नसलेल्या काळी नदीवर, कद्रा जलाशयाच्या काठी कैगा आहे. तेचा किंवा प्रिप्यातशी त्यांची तुलना करणं चुकीचं आणि बेजबाबदारपणाचं होईल. नियमित चालणाऱ्या वीज केंद्राचं सांडपाणी आणि शस्त्रकारखान्याने नदीत ओतलेला कचरा यांत अनेक पटींचं अंतर आहे. या केंद्रांजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहेत. त्या पाणी, गाळ, मासे, भाजीपाला मोजतात. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून मुख्यतः ट्रिटियम बाहेर पडतं आणि ते गाळात थांबत नाही. पण कोणतं मूलद्रव्य कुठे थांबतं आणि कुठे थांबत नाही हे माहीत नसेल, तर ‘नदीत किरणोत्सार सापडला’ आणि ‘नदीत काहीच नाही’ या दोन्ही बातम्या वाचकाला सारख्याच फसवू शकतात.

तेचाचं पाणी आज १९५१ सारखं नाही. पाऊण शतकात तिथलं स्ट्रॉन्शियम आणि सीझियम आपोआप सुमारे एक षष्ठांशावर आलं असेल. दलदलीतून आणि वरच्या बंधाऱ्यांच्या झिरपणीतून उरलेलं थोडंथोडं येत राहतं. या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाने म्हणून कोणताही अहवाल हाती आला की चार गोष्टी आधी विचाराव्यात : मोजलेलं मूलद्रव्य कोणतं, नमुना पाण्याचा की गाळाचा, पाणी गाळून मोजलं की न गाळता, आणि नमुना पुराआधीचा की नंतरचा. काळी आणि तापीच्या काठच्या रहिवाशांनीही पाण्याच्या आकड्याशेजारी गाळाचा आकडा, पावसाळ्याच्या आधीचा आणि नंतरचा, दर वर्षी मागून घ्यावा.